डावीकडचे पॅड झिजत नाहीत

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. तुमचा नवा गुडघा जुन्यापेक्षा समजूतदार निघाला असेल अशी आशा आहे. ताईकडे मुलीच्या हातचं आयतं खाऊन तब्येत सुधारली असेलच. इथे नर्सरीत सगळी रोपं ठीक आहेत. तुम्ही नसल्यामुळे कोणी कोणावर ओरडत नाही आणि कामं वेळेवर होतात. काळजी करू नका, तुम्ही आलात की सगळं पूर्ववत होईल.

फोनवर तुम्ही म्हणालात, "कामाचं असेल ते लिहून विचार. म्हणजे नंतर 'मामा, तुम्ही असं कुठे म्हणाला होतात' हे बंद." म्हणून लिहितो आहे.

परवा मातीच्या गोण्या आणताना पिकअपचा ब्रेक दाबला की पुढून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायला लागला. आपला ड्रायव्हर म्हणाला, "पुढचे ब्रेक पॅड संपलेत. लोखंडावर लोखंड घासतंय." एवढं निदान करून दुसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही असं तो म्हणतो.

डॉक्टर तुम्हाला मार्चअखेर घरी सोडणार. बसच्या पायऱ्या तुम्हाला चढता येणार नाहीत, ताईकडे गाडी नाही, म्हणजे तुम्हाला आणायला आपली पिकअपच येणार. वाटेत टेकडीचा तो लांब उतार आहे. ब्रेक नसताना त्या उतारावरून आपण फार लवकर पोचू, पण कुठे ते सांगता येत नाही. गॅरेजवाला म्हणतो, इतकी जुनी गाडी मी हातात घेत नाही. तेव्हा पॅड मीच बदलायचं ठरवलं आहे.

मी आजवर ब्रेक उघडलेला नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातलं ब्रेकचं प्रकरण तीनदा वाचलं. नववीत शाळा सुटल्यापासून इतकं मन लावून मी काहीच वाचलेलं नाही. तरी शंका उरल्या आहेत. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे की नंतर? नवे पॅड तुम्ही कुठे ठेवलेत? आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे ना? पुस्तकात तसं ठळक अक्षरांत लिहिलंय.

मामी बरी आहे. तुम्हाला काही कळवायचं आहे का, असं तिला विचारलं. "नाही" म्हणाली.

तुमचा भाचा


८ फेब्रुवारी

चिरंजीव पंचनामे यांस आशीर्वाद.

पत्र मिळालं. एकही काना-मात्रा चुकलेली नाही. उतारावर गाडी शुद्धलेखन तपासत नाही, एवढं लक्षात असू दे.

नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असताना. आधी गाडी उचललीस तर पान्याबरोबर चाक गरागरा फिरेल आणि तू त्याला "कृपया थांबा" म्हणत बसशील. मागच्या चाकांना दगड लाव. जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नकोस, जाड लाकडी ठोकळा सरकवून ठेव. पॅडना दोन्हीकडून धरणारा लोखंडी जबडा म्हणजे कॅलिपर. तो सुटला की त्याच्या पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने बांधायचा. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबताना मध्ये जुना पॅड धर. आणि सगळं झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल दहा-बारा वेळा दाब, नाहीतर पहिला ब्रेक पायाला लागणारच नाही आणि गाडी भिंतीला लागेल.

पॅड औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर. फक्त उजवीकडचे बदल. डावीकडे हात लावायचं कारण नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने आपली गाडी पाहिलेली नाही.

चालवायला शेजारच्या वेल्डरला सांग. तू लायसन्सच्या परीक्षेत दोनदा गाडी सुरू करायच्या आधीच नापास झालास, तेव्हा तुझा प्रश्नच नाही. आणि मामीला स्टिअरिंगजवळ फिरकू देऊ नकोस. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या फाटकाचा खांब अचानक रस्ता ओलांडायला लागला आणि ही त्याच्या अंगावर गेली, हे तुला ठाऊक आहेच. आता तिथे नवा खांब आहे. त्याला त्याचं आयुष्य जगू दे.

मामीला म्हणावं, मलाही काही कळवायचं नाही.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

उजवीकडचं काम झालं. पुस्तकात एक तास लिहिलाय, मला साडेसहा लागले. त्यातले दोन तास नट घट्ट झालाय की नाही हे पुन्हा पुन्हा बघण्यात गेले. मामी म्हणाली, "अरे, त्या नटाला आता जरा बसू दे."

जुन्या पॅडवर घासला जाणारा मसाला उरलाच नव्हता. नुसती लोखंडी पाठ होती आणि ती डिस्कला चर पाडत होती. कॅलिपर तारेने बांधला, ठोकळा ठेवला, पेडल बारा वेळा दाबलं. मग मोजण्यात चूक झाली असेल म्हणून आणखी बारा वेळा दाबलं.

संध्याकाळी वेल्डरने गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. आवाज गेला. पण तो उतरून म्हणाला, "ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते रे. चांगलीच ओढते. ही मी उतारावर नेणार नाही."

आता माझी अडचण. पॅडच्या खोक्यावर 'चार नग' असं छापलंय. आत दोनच होते. डावीकडचे दोन कुठे गेले? खोकं मी उलटं करून पाहिलं. कपाटामागेही पाहिलं. तिथे एक मेलेली पाल आणि तुमचा हरवलेला चष्मा मिळाला. चष्मा जपून ठेवलाय.

तुमचा भाचा


१६ फेब्रुवारी

पंचनामे,

बरं झालं, खोक्याच्या विरोधात तक्रार नोंदवली नाहीस. दोन नग मागच्या वेळी मीच वापरले. उजवीकडेच. आपल्या गाडीचे डावीकडचे पॅड झिजत नाहीत. अकरा वर्षं झाली, बदललेलेच नाहीत. म्हणून एका खोक्यात माझं काम दोनदा होतं. दुसरे लोक धडाधड चारही पॅड फेकून देतात, कारण पुस्तकात लिहिलंय! डोकं कोणी वापरायचं? पार्टवाला मला बघितलं की तोंड पाडतो. असं गिऱ्हाईक त्याला परवडत नाही.

आणि ओढते म्हणजे काय? प्रत्येक गाडीला तिची एक मान असते. ब्रेक दाबताना स्टिअरिंग बोटभर डावीकडे धरायचं, की गाडी सरळ थांबते. मी तसंच धरतो. ड्रायव्हरला पहिल्या दिवशी तेच शिकवलं, त्याच्या आधीच्यालाही तेच. वेल्डरलाही सांग. लोखंड जोडणाऱ्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही.

डावीकडचं चाक काढू नकोस. चांगलं चाललेलं काम बिघडवायची तुला सवय आहे.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

माफ करा, काढलं. रात्रभर झोप येईना. एका बाजूचे पॅड सारखे बदलावे लागतात आणि दुसऱ्या बाजूचे अकरा वर्षं टिकतात, हे मला पटेना. दोन्ही चाकं एकाच रस्त्यावरून जातात असा माझा समज आहे.

डावीकडचे पॅड खरंच नव्यासारखे आहेत. पट्टीने मोजले. फक्त कडेला गंज आहे आणि वर काचेसारखी चकाकी. कॅलिपर मात्र हिरवा आहे. गडद, तेलकट हिरवा, ब्रशचे फटकारे दिसतील इतका जाड. तो ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकायला हवा, त्या पिनांवर, त्यांच्या रबरी टोप्यांवर, पिस्टनच्या कडेला, सगळीकडे रंग. हातोडीने ठोकलं तरी हलला नाही. काढून पार्टवाल्याकडे नेला. त्याने तोंड पाडलं नाही. शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं आणि दाखवला.

मामा, डावीकडचे पॅड झिजत नव्हते, कारण ते कामच करत नव्हते. जो काहीच करत नाही तो अकरा वर्षं नव्यासारखाच राहणार. घरातली उदाहरणं देत नाही.

म्हणजे ब्रेक दाबला की फक्त उजवं चाक थांबायचं आणि डावं पुढे जायला बघायचं. म्हणून गाडी उजवीकडे ओढायची. तिला मान-बिन काही नाही, ती लंगडी आहे.

मी अंगणात कॅलिपर धरून बसलो होतो तेव्हा मामी चहा घेऊन आली. तिने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "हा आपल्या फाटकाचा रंग." मग चहा पायरीवर ठेवून आत गेली.

दवाखान्याचा खांब रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते तुम्हाला आठवत असेलच.

तुमचा भाचा


२४ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुला ब्रेक बदलायला सांगितले होते, इतिहास लिहायला नाही.

रंग मी लावला, मान्य. ताईच्या लग्नाआधी फाटक रंगवलं, थोडा उरला, कॅलिपर गंजलेला दिसला, म्हटलं वाया कशाला घालवा. पण तो लावला खांबाच्या प्रकरणानंतर. त्यानंतर गाडी दुरुस्त करून घेतली ना, तेव्हा. त्यामुळे तुझा सगळा तर्क मुळातच कोसळतो. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास, तुला काय आठवणार?

हे मामीला सांगत बसू नकोस. मी माझ्यासाठी म्हणत नाही. तिला उगाच जुनं आठवून त्रास होईल.

नवा कॅलिपर बसव आणि विषय संपव. माझं इथे छान चाललंय. रविवारी ताईच्या सासरी, व्याह्यांकडे जेवायला होतो. त्यांना खांबाची गोष्ट माहीत नव्हती, अकरा वर्षांत सांगायची राहूनच गेली होती. गुडघ्याची पर्वा न करता मी स्वतः खांब होऊन उभा राहिलो. व्याह्यांना इतका ठसका लागला की विहीणबाई पाणी घेऊन धावल्या.

मामा


२८ फेब्रुवारी

मामा,

डबा संपला की झाकणावर 'संपला' लिहून तारीख टाकायची तुमची पद्धत आहे. औषधाच्या डब्यांसाठी ती सुरू झाली, पण तुम्ही ती लोणच्यालाही लावता. त्या हिरव्या रंगाच्या डब्यात मामी सुतळ्या ठेवते. झाकणावर तुमच्या अक्षरात लिहिलंय : 'संपला. १२ मे.' साल त्याच वर्षीचं. ताईचं लग्न २० मेला झालं आणि मामी खांबावर गेली २९ मेला. संपलेला रंग तुम्ही पुढे कुठून लावला ते कळवावं. उजवा कॅलिपर कोरा का आहे तेही त्याच झाकणावरून कळतं. तेवढ्यासाठी रंग पुरला नाही. उजव्या चाकाचं नशीब.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. तशी गरजच पडली नाही.

नवा कॅलिपर बसवल्यावर पाइपात शिरलेली हवा काढावी लागते. त्यासाठी एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू उघडायचा. वेल्डर कामावर गेला होता. मामी म्हणाली, "मी बसते." तिने आधी सीटवरची धूळ झटकली, मग बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या सूचनेचा भंग झाला, पण गाडी जॅकवर होती आणि आसपास खांब नव्हता.

"दाब," मी म्हणायचो.

"दाबला."

"धरून ठेव."

"धरलाय."

"सोड."

असं वीस-पंचवीस वेळा झालं. मध्येच मी "सोड" म्हटलं तरी तिने सोडला नाही. मी वर पाहिलं. ती समोर बघत होती.

"त्या दिवशीही असाच दाबला होता," ती म्हणाली. "पार खालपर्यंत. आणि स्टिअरिंग सरळ होतं. मी संध्याकाळी आल्या आल्या सांगितलं होतं सगळ्यांना. तूही होतास तिथे."

मी होतो. आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. पुढे शाळेत जाऊन चार पोरांना करूनही दाखवलं होतं.

एकच शंका उरली आहे. गाडीची मान तुम्ही ड्रायव्हरला सांगितलीत, त्याच्या आधीच्याला सांगितलीत, वेल्डरला सांगायला मला सांगितलंत. मामीला कधी सांगितली होती?

तुमचा भाचा


१२ मार्च

मामा,

दोन आठवडे झाले, पत्र नाही. ताई फोनवर म्हणाली, तब्येत झकास आहे, दोन वेळा जेवतात, फक्त बोलत नाहीत. म्हणजे कारण वैद्यकीय नाही.

डाव्या बाजूला नवा कॅलिपर, दोन्ही बाजूंना नवे पॅड. नव्या खोक्यातले चारही नग एकदम वापरले म्हणून पार्टवाला तुमची आठवण काढत होता. वेल्डरने गाडी उतारावर नेऊन पाहिली. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी सरळ थांबली. मी शेजारी बसलो होतो. डोळे मिटले होते, पण सरळ थांबल्याचं कळलं.

वेल्डरला मात्र बाहेरगावी मोठं काम मिळालंय, तो महिनाभर नाही. तेव्हा तुम्हाला आणायला कोण येणार हे पुन्हा अधांतरी आहे. मामीला विचारू का?

तुमचा भाचा


१५ मार्च

भाच्या,

नाही सांगितली.

रंग लावून तीन-चार दिवस झाल्यावर गाडी ओढते हे माझ्या लक्षात आलं. वाटलं, चाकात हवा कमी असेल. हवा भरली, तरी ओढायची. घरात लग्न, म्हटलं नंतर बघू, तोवर हाताने सांभाळता येतं. लग्नानंतर पाहुणे होतेच. त्या सकाळी मामीने किल्ली मागितली, दवाखान्याच्या बागेत रोपं पोचवायची होती. मी पाहुण्यांबरोबर पत्ते खेळत होतो. किल्ली टाकली आणि म्हटलं, लवकर ये. गाडी ओढते, हे दोन शब्द जिभेवर होते. माझी पाळी आली म्हणून पानं बघितली.

ती परत आली ती चालत. हाताला खरचटलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाली, "गाडीने ओढलं." खोलीत पंधरा माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. गाडी माझी, ब्रेक मी उघडलेला, फुशारकी मारून. मी म्हटलं, "नाही गं, खांबच रस्ता ओलांडत असेल." लोक जे हसले, जे हसले. हशा इतका मोठा झाला की तो परत घेता येईना.

मला वाटलं, चार दिवसांनी ती पुन्हा गाडी काढेल, तेव्हा एकटीला सांगू. तिने काढलीच नाही. आणि न चालवणाऱ्या माणसाला गाडीची मान कशाला सांगायची? मग गोष्ट सांगत गेलो. दर वेळी ती थोडी जास्त खरी वाटायची.

त्या पिनांचं म्हणशील, तर रंगाने असं होतं हे मला तुझ्या पत्रापर्यंत माहीत नव्हतं. एवढं तरी खरं मान.

तू तिला सांग. तुला नीट लिहिता येतं, नीट सांगताही येईल.

मामा


१८ मार्च

अहो,

भाच्याला लिहिलेलं तुमचं पत्र त्याने माझ्या हातात दिलं. "मी फक्त ब्रेक बदलतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. आपल्या लग्नाला पस्तीस वर्षं होतील. तुम्हाला हे माझं पहिलं पत्र. विषयही किती छान मिळाला.

तुम्हाला वाटत असेल, मी खांबावरून रागावले आहे. खांबाचं मला काही नाही. दवाखान्याने तो पंधरा दिवसांत बांधला.

मी त्या दिवशी स्टिअरिंग सरळ धरलं होतं. माझ्या हातांना ते माहीत होतं. पण पंधरा माणसं हसली, मग पन्नास हसली, तुम्ही तर पोट धरून हसलात, तेव्हा मला वाटायला लागलं की माझ्याच हातांना सरळ कळत नसेल. मग दूध उतू गेलं तरी वाटायचं, माझंच लक्ष नसतं. कुंपणाची दोरी बांधताना भाच्याला हाक मारून विचारायचे, "सरळ आहे का रे?" तो लहान होता, त्याला गंमत वाटायची. मी गाडी सोडली नाही, अहो. मी स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं. आणि तुम्ही शेजारी बसून बोटभर डावीकडे धरत होता.

आता माझं म्हणणं ऐका. गोष्ट जिथे सांगितलीत तिथे ती खरी सांगायची. सुरुवात व्याह्यांपासून, गोष्ट तिथे ताजी आहे. पाहुण्यांसमोर सांगितली होतीत, तशी पाहुण्यांसमोरच. आधी खांब होऊन उभे राहिला होतात ना? आताही उभे राहा. मग मला कळवा काय झालं ते. तुम्हाला आणायला कोण येणार ते त्यानंतर ठरवू.

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका.

तुमची बायको


२३ मार्च

अगं,

सांगितली. काल, जेवायच्या आधी. जेवणानंतर सांगणार होतो, पण मग जेवण गेलं नसतं.

व्याह्यांचे दोन भाऊ आणि एक मेव्हणे आले होते. व्याहीच म्हणाले, "यांना ती खांबाची गोष्ट सांगा हो!" मी उभा राहिलो. म्हटलं, "आज मी खांब नाही, डावा कॅलिपर आहे." लोक आधीच हसायला लागले. मी हात अंगाला चिकटवून तसाच उभा राहिलो आणि म्हटलं, "सगळ्यांना वाटतं हा टिकाऊ आहे, अकरा वर्षं झिजला नाही. हा हललाच नाही, म्हणून झिजला नाही." मग सगळं सांगितलं. रंग, पत्ते, किल्ली. हसणं हळूहळू थांबलं. माझ्या गोष्टीवर कोणी हसलं नाही असं पहिल्यांदाच झालं. वाईट अनुभव आहे. तू अकरा वर्षं उलटा अनुभव घेतलास.

व्याही म्हणाले, "जाऊ द्या हो, होतं असं." पण विहीणबाई पळी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग त्यांनी त्यानंतर गाडी चालवलीच नाही? कुठे जायचं झालं तर काय करायच्या?"

तू कुठे जायचीस? मी नेलं तिथे. मी नेलं नाही तिथे जायची नाहीस. तुला कुठे कुठे जायचं होतं हे मी विचारल्याचं मला आठवत नाही. ताईने मान खाली घातली. माझी मुलगी माझ्याकडे बघेना.

आता यापुढे पंधराजण राहिले आहेत, ज्यांना त्या संध्याकाळी हसवलं होतं. दोन वारले. बाकीच्यांना इथूनच एकेक करून पत्र लिहितो आहे. चार लिहून झाली. हात दुखतो. चांगलं आहे.

तू मला आणायला ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसून तो उतार उतरायची माझी इच्छा नाही. तू म्हणशील तेव्हा. मी ब्रेकबद्दल तोंड उघडणार नाही.

मी


२८ मार्च

मामा,

मामीने मला हे पत्र लिहायला सांगितलंय, कारण तिला वेळ नाही.

तुमचं पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घालून ठेवलं आणि किल्ली मागितली. मी पेडल तपासलं, नट तपासले, मागच्या चाकांचे दगड काढले, पुन्हा नट तपासले. ती आत बसून वाट बघत होती. मी शेजारी बसायला गेलो तर म्हणाली, "तू खाली थांब. तुझा घाबरलेला चेहरा बघून गाडी चालवता येत नाही." मग फाटकातून निघून गेली.

कुठे, ते सांगितलं नव्हतं. मी फाटकात उभा राहिलो. तीन तासांनी परत आली. गाडी अंगणात अशी लावली की दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली. मी नंतर मोजली. चेहरा लाल झाला होता आणि केस विस्कटले होते. खिडक्या पूर्ण उघड्या ठेवल्या असाव्यात. पाणी प्यायली आणि म्हणाली, "इतक्या लांब रस्ता गेलाय हे मला माहीतच नव्हतं."

त्या दिवसापासून गाडी घरी नसते. मी रोपं हातगाडीवरून पोचवतो आहे. तक्रार नाही, फक्त कळवतो.

तुमच्या येण्याबद्दल मी तिला स्पष्ट विचारलं, कारण डॉक्टरांनी दिलेली तारीख परवाची आहे. ती म्हणाली, "आणणार आहे ना. मी नाही कुठे म्हटलं?" पण आधी तिला तिच्या बहिणीकडे जायचंय. तिच्या नातवाला मामीने अजून पाहिलेलं नाही आणि तो आता चौथीत आहे. तिथून तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, दोन रात्री. मग धरण बघायचंय. धरणावर कोण आहे, असं मी विचारलं. "कोणी नाही," म्हणाली, "म्हणूनच."

सगळं वहीत ओळीने लिहून ठेवलंय. ताईला सांगून आणखी काही दिवस तिथेच राहायची व्यवस्था करा, व्यायाम चालू ठेवा आणि उरलेली पत्रं लिहून घ्या. वहीत तुम्ही चौथे आहात.

तुमचा भाचा